ओढ आली की माणूस वर

सोनखडीच्या माळावर एक जुनी विहीर आहे. मोटर दुरुस्त करायला तिच्यात उतरलेल्या मेकॅनिकनं पान्हा हवा म्हणून दोर हलवला, तर पान्हा खाली जात नाही. मेकॅनिकच वर येतो. पाहुणे हसतात. मग गावातले म्हातारे तायाप्पा काठावर बसून त्यांना तुळाजीची गोष्ट सांगतात.

ही जमीन तेव्हा तुळाजीची होती. त्यानं विहीर खोदायला हणमा वडाराला लावलं. विहीर इतकी खोल गेली, की खालची हाक वर नुसती घुमायची. म्हणून दोघांनी खूण ठरवली. दोराला हलका हिसका आला तर मातीची पाटी हातानं ओढायची. लांब ओढ आली तर माणूस वर येतोय, बैल जुंपायचे. आणि पाटी फार जड लागली, तर दोर सैल सोडायचा, म्हणजे हणमा खाली पाटीतले थोडे दगड काढील.

दोरावर हणमाचा मेहुणा असायचा. त्या दिवशी तुळाजीनं त्याला स्वतःच्या कामासाठी बाजारात धाडलं आणि दोर आपण धरला.

दुपारी दोर हलला. हिसका होता की ओढ, तुळाजीला कळेना. पाटीच असेल, असं धरून तो हातानं ओढू लागला. दोर जड लागला. मग त्यानं ठरल्याप्रमाणे तो सैल सोडला.

खालून पाण्याचा आवाज आला; तळाला झरा फुटला होता. तुळाजीनं घाईघाईनं बैल जुंपले. दोर वर आला, त्याला हणमानं धरायला बांधलेलं पागोटं तेवढं भिजून लोंबत होतं. हणमा आला नाही.

पंच बसले. ते म्हणाले, "तुळाजी ठरल्याप्रमाणेच वागला. दोष देता येत नाही." तुळाजीला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हणमानं खूण चुकवली, की आपल्याला ती ओळखता आली नाही? त्याला काहीच उमगेना.

हणमाची बायको यल्लव्वा पुढं आली. ती म्हणाली, "मालक, दोर काय म्हणाला ते राहू द्या. खाली माणूस हाय, हे तुमास्नी ठावं हुतं का न्हाई?"

"होतं," तुळाजी म्हणाला.

"मग पाटी कशी आठवली?"

 याचं उत्तर तुळाजी जन्मभर शोधत राहिला, असं सांगतात. रोज तो काठावर दोर धरून बसायचा. खाली कोणी नसताना दोर हाताला ओढ द्यायचा म्हणे. भास की खरं, हेही त्याला कळायचं नाही. पण दर वेळी तो उठायचा, बैल जुंपायचा आणि रिकामा दोर वर काढायचा. मरताना त्यानं मुलांना बजावलं, की या विहिरीत आपल्या कामाला कोणी उतरला, तर दोर मालकानं धरायचा, आणि दोर कसाही हलला तरी माणूसच वर घ्यायचा.

आजही तसंच चालतं. तासाभराच्या कामाला दिवस लागतो. ओलाचिंब मेकॅनिक वर येऊन कातावतो, "अहो मालक, नुसता पान्हा मागितला होता."

मालक त्याच्या कमरेची गाठ सोडत म्हणतो, "असेल बाबा. आधी वर ये, मग सांग."