बुलबुलाच्या शेपटीचा नेम

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द माझा. गावाचा शब्द वेगळा होता, तो देवापुढचा दिवा लावलेल्या हातानं मी लिहिणार नाही. सांगितलेलं मनापासून ऐकायचं, हा केरबाचा एक गुण. ते कशाबद्दल सांगितलंय हे विसरायचं, हा दुसरा.

त्याची बायको सगुणा. गरीब गाय. तिच्या दारातल्या जाईवर एक बुलबुल रोज यायचा. श्रावणात एके सकाळी मांजरानं त्याच्यावर झडप घातली. बुलबुल वाचला, पण शेपटी मांजराच्या तोंडात राहिली आणि एका पंखाचीही पिसं गेली. सगुणानं त्याला पदरात घेतलं, टोपलीत ठेवलं आणि देवापुढे हात जोडून बोलून बसली, "याला नवी शेपटी फुटून हा माझ्या अंगणातून उडेल, तोवर मी मीठ खाणार नाही."

शेजारची यमुनाक्का म्हणाली, "अगं, नवऱ्यासाठी कधी एवढं कडक धरलं नाहीस!"

सगुणा म्हणाली, "त्यांना शेपटी कुठं फुटायची आहे?"

"ती तेवढीच राहिलीय," यमुनाक्का म्हणाली.

केरबा टोपली घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी पाखरू उलटंसुलटं पाहिलं. म्हणाले, "काळजी नको. अर्धवट मोडलेलं तसंच राहतं. मुळापासून गेलं की नवं येतं. सहा आठवडे थांबा."

केरबानं ते वाटभर घोकलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा चुलीपाशी होती. मिठाविना आमटी घशाखाली उतरत नव्हती, निदान वास तरी असावा म्हणून म्हणाली, "अहो, परसातून कढीपत्त्याच्या दोन काड्या आणा."

अर्धा तास झाला. केरबा घामाघूम होऊन आला. खांद्यावर कढीपत्त्याचं अख्खं झाड. सात वर्षांचं.

"हे काय केलंत!"

"काड्या मोडल्या असत्या तर झाड तसंच राहिलं असतं. मुळापासून काढलंय. सहा आठवडे थांब."

सगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, मूळ तसंच ठेवायचं असतं! वर आलेलं असतं, तेवढंच कात्रीनं कापायचं!"

"असं होय," केरबा म्हणाला. "आधी सांगायचं नाही का?"

इकडे बुलबुल पिकल्या केळ्यावर चांगला तरारला. पंधरा दिवसांत शेपटीच्या जागी काळेनिळे काटे वर आले. नवं पीस असंच येतं, आधी नळी, मग नळीतून पीस. सगुणा रोज बघायची आणि अळणी भात आनंदानं गिळायची. एकदा ती देवळात गेली. केरबानं टोपलीत डोकावलं. काटे बरेच वर आले होते. मूळ तसंच ठेवायचं, हे त्याला पाठ होतं. त्यानं कात्री आणली.

सगुणा परतली तेव्हा टोपलीत रक्त आणि उंबऱ्यावर प्रसन्न केरबा. ती पाखरू छातीशी धरून अनवाणी डॉक्टरांकडे धावली, मागोमाग केरबाही. डॉक्टरांनी कापलेल्या नळ्या मुळापासून ओढून काढल्या आणि वर पीठ दाबून धरलं, तेव्हा रक्त थांबलं.

"कोवळ्या पिसात रक्त असतं हो! तुमच्या बोटाचं टोक कापलं तर?"

केरबानं बोटाकडे पाहिलं. "नख कापतो की."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आता पुन्हा सहा आठवडे. नवं वर यायला लागलं की हात लावायचा नाही. समोर बसायचं आणि नुसतं बघायचं. कळलं?"

"न कळायला काय झालं?"

सहा आठवडे सगुणानं आणखी अळणी काढले. तिचे गाल बसले. पण शेपटी आली! काळी, झुपकेदार, टोकाला पांढरी. पंखही भरला. बुलबुल टोपलीतून माजघरभर उडायला लागला. सगुणानं मांजर यमुनाक्काच्या घरात कोंडायला लावलं, पाच सवाष्णींना जेवायला सांगितलं आणि खिरीला दोन शेर दूध तापत ठेवलं.

"अहो, मी रांगोळी घालते. दुधाकडे बघा."

केरबा समोर पाट घेऊन बसला. दूध वर यायला लागलं. त्यानं हात मागे बांधले. दूध काठाशी आलं. तो वाकून बघू लागला. दूध उतू गेलं, चूल विझली, तरी तो बघतच होता.

सगुणा वास आल्यावर धावली. "मेलं सगळं दूध गेलं! बसून काय राहिलात?"

"डॉक्टर म्हणाले, हात लावायचा नाही."

सांडशी त्याच्या हातात कोंबत ती ओरडली, "वर चढायला लागलं की बघत बसायचं नसतं! झटकन सांडशीत धरायचं आणि खाली घ्यायचं!"

"असं होय," केरबा म्हणाला.

खिरीवाचून पानं वाढली. सगुणाच्या ताटात, दोन महिन्यांनी, मिठाची चिमूट पडली. तिचे डोळे भरून आले. सवाष्णी अंगणात उभ्या राहिल्या. तिनं हळद-कुंकू वाहून टोपलीचं झाकण काढलं. बुलबुल काठावर बसला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, नवी शेपटी एकदा झटकली आणि सरळ वर चढला.

केरबा सांडशी घेऊन पायरीवर तयार होता.

त्यानं उडी मारली. किंकाळी कुणाची आधी, बुलबुलाची की सगुणाची, ते सवाष्णींना अजून ठरवता आलेलं नाही. बुलबुल निसटला. शेपटीविना बुंडा, वाकडातिकडा, पण देवाच्या कृपेनं उडाला आणि कुंपणापलीकडे दिसेनासा झाला.

यमुनाक्का म्हणाली, "सगुणे, आता तुझा नेम सुटला म्हणायचा की नाही गं?"

कुणालाच सांगता येईना. सगुणा पानावर येऊन बसली, पण घास हातातच राहिला. एवढ्यात केरबा आला, सांडशीतली सगळी पिसं त्यानं बायकोच्या ताटात मिठाशेजारी नीट मांडली आणि म्हणाला,

"जेव आता पोटभर. पाखरू गेलं तर जाऊ दे. जिच्यासाठी एवढं अळणी खाल्लंस, ती मी वरच्या वर धरली!"