पाच वाजताचं स्टूल

"दार तर उघडं आहे, चाचा. मग आत कुणी का भेटत नाही?"

सुधन्वा पुण्याहून आला तो घरी न जाता थेट दस्तगीरचाचांकडे. मिरजेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्यानेच त्याला लहानपणी तारा जोडायला शिकवलं होतं. आता सुधन्वा शेकडो राऊटर सांभाळत होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

आई घरी एकटी, म्हणून त्याने कॅमेरा बसवला होता. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं होतं, म्हणजे बाहेरून आत यायला एक दार उघडं ठेवलं होतं. पुण्याहून त्याची हाक आली की राऊटरने ती बारा नंबरला द्यायची. बारा नंबर म्हणजे कॅमेरा. पहिल्या दिवशी आई दिसली. दुसऱ्या दिवसापासून पडदा काळा. आज आठ दिवस झाले.

चाचांनी एवढंच विचारलं, मधे वीज गेली होती का.

सुधन्वाने कपाळाला हात लावला. वीज गेली, आली, आणि राऊटरने घरातल्या यंत्रांना नवे नंबर वाटले; हाक बारालाच जात होती, पण तिथे आता कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याचा नंबर कायमचा बांधून ठेवायचाच राहिला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"दोन मिनिटांचं काम," तो लॅपटॉप उघडत म्हणाला. "आईला तर कळलंही नसेल."

चाचा हसले नाहीत.

"मंगळवारी गेलो होतो तुझ्या घरी. पाच वाजता. तुझी आई वेणी घालून, ठेवणीतली इरकल नेसून कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसली होती. मला म्हणाली, जरा थांबा भाईजान, सुधा बघतोय... आणि गुडघा कसा दुखतो ते तुला सांगत राहिली."

"मीच म्हटलं होतं, रोज पाचला बघीन..."

"रोज बसते."

एक फोन केला असता तर भागलं असतं. पण एवढ्या मोठ्या इंजिनियरला आपलं यंत्र बंद पडलंय हे आईला सांगायची लाज वाटली होती.

...

"तिला आता काय सांगू, चाचा?"

चाचांनी त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप मिटला आणि फळीवर ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश वाकले, आणि उंबऱ्यापाशी पडलेल्या त्याच्या चपला रस्त्याकडे तोंड करून सरळ मांडल्या.

"हा इथे राहू दे," ते म्हणाले. "पाच वाजत आलेत."