पागोट्यांची टोपली

फार पूर्वी एका राज्यात दोन सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठले. थोरल्याचे शिपाई लाल पागोटं बांधत, धाकट्याचे पांढरं. घराघरांत फूट पडली. शेवटी धाकटा रणात पडला आणि थोरला राजा झाला.

आता जिंकल्यावर काय, सगळ्यांनाच बक्षीस हवं! सेनापतींनी सग्यासोयऱ्यांची सोय लावायला घेतली. घोड्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे ज्याला कळेना, तो पागेचा मुख्य झाला. आणि जागा रिकाम्या कशा झाल्या म्हणता? ‘हा पांढऱ्यांचा माणूस’ असं कुणीतरी म्हणायचा अवकाश, की झाली त्याची नोकरी खलास. ना विचारपूस, ना चौकशी.

नदीवरच्या सरकारी नावेचा म्हातारा नावाडी दौलू असाच घरी बसला. त्याची जागा मिळाली सेनापतींच्या भाच्याला, येसूला. येसू लढाईत पायानं अधू झालेला. नांगर धरवेना, घरी एकटी आई. नोकरी मिळाली तेव्हा माउलीनं देवापुढे साखर ठेवली.

पहिल्याच दिवशी येसूला नावेत एक मोठी टोपली दिसली. "ही कशाला हो, आजी?" त्यानं नावेतल्या भाजीवालीला विचारलं.

"अरे, पागोट्यांची टोपली ती! लढाई चालू होती ना, तेव्हा दौलू म्हणायचा, नावेत बसायचं तर पागोटं आधी टोपलीत. भांडायचं ते काठावर जाऊन भांडा, इथं नाव उलटेल. लाल काय नि पांढरा काय, सगळे उघड्या डोक्यानं बसायचे. जखमी तर किती आणले त्यानं! त्यावरूनच चुगली झाली, की यानं लाल पागोट्याचा अपमान केला, शत्रूला नदीपार नेलं."

येसूच्या हातातलं वल्हं थांबलं. जखमी होऊन तो याच नावेत पडला होता. शेजारच्या उघड्या डोक्याच्या माणसानं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं होतं. तो आपल्याच बाजूचा, असं येसू आजवर धरून चालला होता.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. त्यानं आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं तुला आणला नसता, तर मी साखर कुणासाठी ठेवली असती? जा बाबा, सांग जाऊन. आपलं बघू काय ते."

येसू दरबारात उभा राहिला. "महाराज, ही नोकरी माझी नव्हे. माझं पागोटं रणातच पडलं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ‘तू कुणाचा’ असं दौलू विचारत बसला असता, तर मी काठावरच मेलो असतो."

"तोंड आवर!" सेनापती गरजले. "मामाच्या जिवावर मोठा झालास आणि मामावरच उलटतोस?"

राजानं हात वर केला. "सेनापती, त्या नावाड्याला काढण्याआधी कुणी त्याला काही विचारलं होतं?"

सेनापती आपलं पागोटं सारखं करू लागले. "मीही नाही," राजा हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः नदीवर गेला आणि दौलूच्या हाती पुन्हा वल्हं दिलं. "आता आम्हाला पलीकडे ने."

दौलूनं नमस्कार केला आणि टोपली पुढे धरली. "महाराज, रीत सगळ्यांना सारखी."

उघडं डोकं सुतकात असतं, राजानं कसं बसायचं तसं? "अपशकुन होईल, महाराज!" सेनापती म्हणाले.

राजा टोपलीकडे बघत राहिला. "माझा सख्खा भाऊ गेला," तो म्हणाला, "आणि त्याचं सुतक मी पाळलंच नाही." त्यानं पागोटं उतरवून टोपलीत ठेवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

मग काढलेल्या प्रत्येकाला बोलावून त्याचं ऐकून घेतलं गेलं. पुष्कळजण कामावर परतले. काहींनी परमुलूख गाठला होता, ते काही आले नाहीत.

येसूची नोकरी मात्र गेली. तो लंगडत घराकडे निघाला, तेवढ्यात दौलूनं हाक मारली, "अरे, बसून वल्हं मारायला पाय कशाला लागतो? मीही आता थकलोय. दुसरं वल्हं रिकामं आहे, ये!"

तात्पर्य काय, तर माणसाची भाकरी काढून घेण्याआधी त्याचं काम बघावं, त्याचं म्हणणं ऐकावं. आणि दुसऱ्याची हिसकावलेली भाकरी आपल्या ताटात आली, तर ती परत करायला कचरू नये.