अकरा वर्षांच्या फाइली

"सगळं गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?" रेणामाईंनी विचारलं.

विश्वंभरने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर अक्षरं होती, पण मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, मध्येच चौकोन, प्रश्नचिन्हं... नुसता काला.

"हे मी बोलले?"

"हे तुमचंच निरूपण आहे, माई. मी उतरवून घेतलेलं. अकरा वर्षांचं."

रेणामाईंच्या वैनगंगेकाठच्या लहानशा मठात विश्वंभर अकरा वर्षांपूर्वी नागपूरची नोकरी सोडून आला होता. संगणकातला जाणकार माणूस. दुपारच्या निरूपणाला बाकीचे ऐकत बसत, हा पडद्यावर नजर ठेवून टंकत बसे. "तुम्ही विसराल," तो त्यांना म्हणायचा, "माझ्याकडे राहील." म्हणताना आवाजात तोरा असायचा.

चार दिवसांपूर्वी संगणकाने नवं अपडेट घेतलं आणि त्याचा जुना मराठी टंकनाचा प्रोग्राम चालेना. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रामला कळत नव्हती. वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या प्रती उघडल्या, तर तिथेही तेच चौकोन. जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. त्यांनीही हात टेकले.

"पण फाइली आहेत ना?"

"आहेत. एकही पुसली गेलेली नाही. पण वाचता कुणालाच येत नाहीत."

"असू दे. काशिनाथ मास्तरांच्या वह्या आहेत की. तू यायच्या आधीपासून लिहायचे ते."

विश्वंभरने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला.

"वह्या कुठं आहेत, विश्वंभर?"

"त्या मी टंकून घेतल्या होत्या... मग रद्दीत घातल्या. वाळवी लागली होती, माई. मला वाटलं, आता त्यांची काय गरज..."

मास्तरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जपमाळेवर फिरणारा रेणामाईंचा अंगठा जागच्या जागी थांबला.



"एक मार्ग आहे," विश्वंभर अखेर म्हणाला. "तुम्ही पुन्हा सांगा. पहिल्यापासून. या वेळी मी कागदावर लिहीन."

"मला कुठं आठवतंय?"

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काहीच...?"

"काहीच नाही. समोर बसलेल्याकडे पाहून जे यायचं, ते बोलायचे. उठले की संपलं."

इतकी वर्षं ज्यांचे शब्द जपले, त्यांच्यापाशीही ते नव्हते!

"तुला आठवत असेल," माई म्हणाल्या. "तू तर रोज होतास. एखादं वाक्य सांग."

त्याने तोंड उघडलं. तारखा आठवल्या. फाइलींची नावं आठवली. कळांची टकटक आठवली. वाक्य...

एकही नाही.

"मी टंकत होतो, माई," तो कसाबसा म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

रेणामाईंनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण लावलं. तो बाजूला सारला. मग त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"अकरा वर्षांनी आलास," त्या म्हणाल्या. "बस."