एकादशी करणारं जनावर

बोधपर काहीतरी लिहा म्हणे. वाचनालयाच्या अंकाला पान कमी पडलं की या लोकांना म्हातारे आठवतात. मी चौथीपर्यंत शिकलेला, माझ्याकडून कसला बोध घेता? पण रोज दारात येऊन बसायला लागले, चहा पाजून पाजून थकलो. तेव्हा घ्या. गोड शेवट मात्र मागू नका.

एकदा एक सुक्या मेव्याचा व्यापारी होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कुणा दलालाने त्याला चिंचिला आणून दिला. चिंचिला म्हणजे थंड डोंगरातलं परदेशी जनावर. सशाहून लहान, तोंड उंदरासारखं, आणि लोकर इतकी दाट की बोट घातलं तरी कातडी लागत नाही. व्यापारी दुकान बंद करून घरी आला की ते त्याच्या खांद्यावर चढून कान हुंगत बसे. त्या घरात त्याची वाट पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या जनावराचं खाणं वाळलेलं गवत. पण लाडापायी व्यापारी त्याला बेदाणे आणि अंजीरच चारी.

एका एकादशीला त्या जनावराने तोंडाला काही लावलं नाही. व्यापारी भाविक. त्याला गहिवरून आलं. "मुका जीव, पण एकादशी पाळतो!" द्वादशीलाही खाल्लं नाही, तेव्हा लोक म्हणाले, व्रत कडक आहे. उंदराच्या जातीचं, म्हणजे गणपतीचंच वाहन. पिंजरा देवघरात गेला. समई लागली, उदबत्त्या लागल्या, जनावराच्या कपाळाला कुंकू लागलं. दर्शनाला रांग लागली.

गावाबाहेर एक वृद्ध साधुपुरुष राहत असे. त्याचा शिष्य दर्शन घेऊन परतला. "बाबा, काय ते तेज! हलत नाही, डुलत नाही. डोळे अर्धे मिटलेले. साक्षात समाधी."

"हनुवटी कोरडी होती का?"

"समाधीत हनुवटी कोण बघतं, बाबा?"

म्हातारा भरल्या ताटावरून उठला आणि चालू लागला.

व्यापाऱ्याच्या घरी पोचल्यावर त्याने नमस्कारसुद्धा केला नाही. गर्दीतून वाट काढली, समई विझवली, जनावराला दोन्ही हातांनी उचललं, पुढच्या दुकानात नेलं आणि तराजूच्या पारड्यात ठेवलं.

लोक खवळले. "अहो, देवाला तराजूत घालता?"

"आता भावही विचारील म्हातारा!"

वृद्धाने लक्ष दिलं नाही. "शेठ, आणलंस तेव्हा किती भरायचं हे?"

"अर्ध्या किलोला चांगलं भारी होतं, महाराज."

वृद्धाने दुसऱ्या पारड्यात अर्ध्या किलोचं माप ठेवलं. माप खाली गेलं आणि जनावर वर उचललं जाऊन लोंबकळत राहिलं.

"दिवसभर मेवा तोलतोस. याला कधी तोललंस?"

"याला कशाला तोलू, महाराज? हे काय विकायचं होतं?"

"हनुवटीखाली हात लाव."

व्यापाऱ्याने हात लावला. लोकर ओलीचिंब होती.

"लाळ आहे ती. भूक आहे, पण चावता येत नाही. लेंड्या किती पडतात?"

"देवघर आहे, महाराज. कोणी उठायच्या आतच केर निघतो. बघणार कोण?"

उकडू नये म्हणून टोपलीवर ओलं फडकं टाकून त्यांनी ते जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तोंड उघडून पाहिलं आणि मान हलवली. "यांचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून झिजतात. दाढा जिभेत रुतल्यात. उपाशी राहून आतडीही थांबलीत. खाणं सोडलं त्याच दिवशी आणायचं होतं." त्याने सुई टोचली, पातळ पेज थेंबाथेंबाने तोंडात सोडली. ती ओघळून बाहेर आली. दिवेलागणीला त्या जनावराने व्यापाऱ्याच्या मांडीवर प्राण सोडला. ओरडलं नाही की तडफडलं नाही.

व्यापारी म्हणाला, "एकदा तरी ओरडायचं होतं, महाराज. दुकान उघडं टाकून आलो असतो मी."

वृद्ध म्हणाला, "त्याच्या डोंगरात जो कण्हतो त्याला घार आधी उचलते. म्हणून ही जात दुखणं लपवते, अगदी शेवटपर्यंत. आपल्याला दिसू लागतं तेव्हा फार थोडं उरलेलं असतं. धडधाकट असतानाच बघून ठेवावं लागतं, किती खातं, किती टाकतं, वजन किती. आणि त्यात फरक पडला की त्याच दिवशी उठावं लागतं. तू त्याला जीव लावलास, शेठ. नजर ठेवली नाहीस."

परतताना शिष्य रस्त्यात थांबला. मग म्हणाला, "बाबा, मी तर त्याच्या अगदी समोर उभा होतो."

"होतास. हात जोडून, डोळे मिटून."

पुढे काही दिवसांनी शिष्य आपणहून व्यापाऱ्याकडे गेला. दुकान बंद होतं. व्यापारी ओट्यावर बसलेला, सदरा अंगावर सैल लोंबत होता.

"जेवलात का, शेठ?"

"आज उपवास आहे."

"आणि काल?"

व्यापारी अंगातला सदरा सारखा करू लागला. शिष्याने आत जाऊन चूल पेटवली, तांदूळ धुतले, आणि भात शिजेपर्यंत उंबऱ्यात त्याच्याकडे तोंड करून बसून राहिला.

झाली गोष्ट. आता मी चिंचिल्याचीच का सांगितली, तर आमच्या शेजाऱ्याने एक पाळला होता. तो खायचा थांबला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण खात नाही एवढं दिसत होतं, म्हणून मी दवाखान्यासाठी रिक्षा दारात आणून उभी केली. शेजाऱ्याने ती परत पाठवली. अमावास्या आहे म्हणे, उद्या बघू. आणि रिक्षावाल्यासमोर मला म्हणाला, म्हाताऱ्याला उद्योग नाही. उद्या उजाडला तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. माफी खरं तर त्या जनावराची मागायची. ते राहिलं नाही, म्हणून निदान माझी तरी मागावी, त्या शेजाऱ्याने, अंबादास घोलपाने.