काठावरचं अर्धं पाऊल

तळ्यांना अजून नावं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यावर रीत होती, की कुणी प्यायला आलं की आधी आलेल्यानं अर्धं पाऊल सरकून त्याला जागा करायची. तरसाला मात्र कुणी काठावर येऊच देत नसे. मेलेलं खातं म्हणून ते बाटलेलं, म्हणे! ते बिचारं खालच्या अंगाला खुरांच्या खड्ड्यांत साचलेलं गढूळ पाणी चाटायचं आणि वर चाललेली ती सरकासरकी बघत बसायचं.

एका हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे आले. त्यांना हे बघवेना. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि चोचीनं दगडावर नियम कोरला: पाणी सर्वांचं, कुणी कुणाला अडवायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. करकोचे समाधानानं उडून गेले.

पुढच्या हिवाळ्यात थोरला करकोचा परत आला, तेव्हा तरस भर दुपारी काठावर उभं होतं. एकटंच.

"काय रे, नियम पाळतात ना?"

"पाळतात की, पाहुणे. कुणी म्हणून अडवत नाही. मला बघितलं की सगळे उठून जातात."

"पण स्वच्छ पाणी पोटभर मिळतं ना? मग अजून काय हवं?"

तरस ओशाळलं. "माझ्यासाठी कुणीतरी सरकावं, असं फार वाटतं हो."

करकोच्यानं दगडाकडे बघितलं. हे त्यावर कसं कोरायचं, ते त्याला सुचेना. तो पाण्यात उतरला, प्यायला वाकला आणि तरस जवळ येताच अर्धं पाऊल सरकला.

तरस प्यायलं नाही. त्या रिकाम्या जागेकडे ते कितीतरी वेळ नुसतं बघत राहिलं.