गाढवावर निघालेली हद्द

हा शेंदूर फासलेला दगड बघा, पाहुणं. याला हद्दोबा म्हणतात. वर छप्पर नाही, खाली ओटा नाही. कोणी बांधायला आलं तर आम्ही बांधू देत नाही, कारण याची जागा दर चैत्रात बदलते.

गोष्ट गोऱ्या साहेबाच्या राज्यातली. तेव्हा कैकाडी लोक गाढवांवर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडायचे, शिंदीच्या फोकांच्या टोपल्या विणून विकायचे. सरकारला मात्र हिंडता माणूस दिसला की तो चोरच वाटे. असाच एक तांडा फौजदारानं या माळावर अडवला, कडेला हा दगड रोवला आणि हुकूम वाचला. आता इथंच राहायचं, दोन्ही वेळा हजेरी द्यायची, आणि दगडाच्या पुढं जाईल तो तुरुंगात.

माळावर शिंदीचं एक झाड नव्हतं. टोपल्या विणणार कशाच्या आणि खाणार काय? तांड्यातल्या येलव्वाचा नवरा हणमा नदीकाठी शिंदी तोडायला गेला आणि तिथून थेट तुरुंगात पोचला. लेकरं उपाशी झोपू लागली, तेव्हा येलव्वा चावडीवर गेली. हुकूम नीट कळला नाही, पुन्हा वाचा म्हणाली. फौजदारानं हौसेनं वाचला.

"आणि दगडाच्या मागं?" तिनं विचारलं.

"मागं कुठंही मर," फौजदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला माळ रिकामा. फौजदारानं घोडा पिटाळला, तेव्हा नदीकाठी तांडा दिसला. सगळे एका ओळीत, शिस्तीत चाललेले. पुढं एक थोराड गाढव, त्याच्या पाठीवर हा दगड, आणि शेपटीमागं येलव्वा.

तिनं हात जोडले. "साहेब, आमच्यातलं कुणी दगडाच्या पुढं न्हाई. ह्या गाढवाची मुंडी तेवढी पुढं हाय. त्याला न्या."

दगड सरकारी, तो परत नेणं भाग होतं, आणि एवढं ओझं वाहायला गाढवच हवं होतं. शिपायांनी गाढव ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. गाढवानं गूळ खाल्ला आणि तिथंच उभं राहिलं. ते हणम्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं येलव्वानं सांगितलं. शेवटी गाढव हाकायला हणम्याला सोडावं लागलं. त्याच्या सुटकेचा कागद वर जाऊन खाली येईपर्यंत, म्हणे, तांड्यानं नदीकाठी पोटभर टोपल्या विणल्या. हणमा आला, गाढव चाललं, पण जिथं शिंदी दिसेल तिथं थांबत. माळावर पोचेपर्यंत फौजदाराची बदली झाली होती, आणि दगड मुळात कुठं होता हे नव्या फौजदाराला कोणी सांगितलं नाही.

सगळ्यांना असं गाढव लाभलं नाही, पाहुणं. दुसरे तांडे तारेच्या कुंपणात कोंडले, तिथं माणसं जन्मली आणि तिथंच मेली. ते सांगताना आमच्याकडं कोणी हसत नाही.

आजही चैत्रात कैकाड्यांची थोरली सून हद्दोबाला गाढवावर चढवते. पाटलापासून सगळा गाव मागनं चालतो, आणि गाढव थांबेल तिथं वर्षभराची हद्द. मागच्या साली ते पोलीस चौकीच्या दारातच थांबलं. दगडाच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, म्हणून हवालदारसाहेब वर्षभर मागच्या खिडकीतून कामावर जात होते.